दुर्मिळ, म्हणून मौल्यवान?

जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, स्कॉट्सडेल येथे झालेल्या बॅरेट-जॅक्सनच्या लिलावात १९६७ सालची एक लाल शेव्हरोलेट कॉर्व्हेट ३८ लाख ५० हजार डॉलर्सना विकली गेली. सार्वजनिक लिलावात कॉर्व्हेटला तोवर एवढी किंमत आलेली नव्हती. या गाडीत 'एल-८८' या नावाचे इंजिन होते आणि १९६७ साली असे इंजिन बसवलेल्या फक्त वीस गाड्या तयार झाल्या होत्या. त्या बोलीचे समर्थन करताना 'वीस' हा आकडा मंत्रासारखा उच्चारला गेला. एकंदर वीस, म्हणून दुर्मिळ. दुर्मिळ, म्हणून मौल्यवान. मौल्यवान, म्हणून अडतीस लाख. या तीन पायऱ्यांपैकी दुसरी पायरी मुळात अस्तित्वातच नाही, असे आमचे म्हणणे आहे.

मराठी शिकवणाऱ्या दोघांनी अमेरिकन गाड्यांच्या भानगडीत का पडावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. तो रास्तही आहे. आमच्यापैकी एकाचा मावसभाऊ मिशिगनात राहतो आणि त्याच्यामुळे हा नाद लागला, हे त्याचे एक उत्तर. दुसरे असे, की 'मूल्य', 'अस्सलता' आणि 'मूळ संहिता' या शब्दांवर आम्ही वर्गात वर्षानुवर्षे घसा कोरडा करीत आलो आहोत. हेच शब्द जुन्या गाड्यांच्या बाजारात इतक्या बेफिकिरीने वापरले जातात, की तिथे जे चालले आहे ते पाहून गप्प बसवत नाही. शिवाय साहित्यात मूल्याचा वाद कधी संपत नाही. गाडीच्या बाबतीत निदान आकडे आहेत, लोखंड आहे, फायबरग्लास आहे. युक्तिवाद तपासून पाहता येतो.

तेव्हा आकड्यांपासूनच सुरुवात करू. १९६३ साली 'स्टिंग रे' या नावाने नव्या घडणीची कॉर्व्हेट बाजारात आली. तिच्या बंद टपाच्या प्रकाराला, म्हणजे कूपेला, मागची काच एकसंध नव्हती. टपावरून उतरत आलेला एक कणा त्या काचेचे दोन भाग करीत होता. जनरल मोटर्सच्या आरेखन विभागाचे प्रमुख बिल मिचेल यांचा या कण्यावर जीव होता. गाडीच्या यांत्रिक बाजूची जबाबदारी वाहणारे झोरा आर्कस-डंटॉव्ह यांचा त्याला विरोध होता. मागचे काही दिसत नसेल तर ती खिडकी कसली, असा त्यांचा सरळ मुद्दा होता. पहिल्या वर्षी मिचेल जिंकले आणि दुसऱ्या वर्षी डंटॉव्ह. १९६४ पासून काच एकसंध झाली. आज 'स्प्लिट-विंडो' म्हणून ओळखली जाणारी १९६३ ची कूपे त्या पिढीतल्या इतर साध्या कूपेंपेक्षा महाग असते, आणि कारण विचारले तर बाजार सांगतो: दुर्मिळ आहे.

ती दुर्मिळ आहे का? १९६३ मध्ये कूपे तयार झाल्या १०,५९४. १९६४ मध्ये ८,३०४, १९६५ मध्ये ८,१८६, १९६६ मध्ये ९,९५८ आणि १९६७ मध्ये ८,५०४. म्हणजे पाच वर्षांच्या त्या पिढीत सर्वांत मुबलक कूपे कोणती असेल तर ती हीच! दुर्मिळता हाच निकष असेल तर १९६५ च्या कूपेला अधिक मोल मिळायला हवे. तसे होत नाही आणि होऊही नये. १९६३ च्या गाडीत आरेखनातला एक हट्ट शेवटापर्यंत नेलेला आहे. नाकापासून शेपटीपर्यंत गेलेली ती एक रेषा आहे, आणि तिच्यासाठी चालकाच्या सोयीचाही बळी दिलेला आहे. लोक पैसे मोजतात ते त्या रेषेचे. मग तसे स्पष्ट सांगावे. पण 'मला ही रेषा आवडते' असे म्हटले की रसिकतेची जबाबदारी अंगावर येते. का आवडते, डंटॉव्ह यांचा आक्षेप खोटा होता का, असे पुढचे प्रश्न येतात. 'दुर्मिळ आहे' म्हटले की यातले काहीच करावे लागत नाही. दुर्मिळता हा शब्द या बाजारात बहुतेक वेळा अभिरुचीची कैफियत टाळण्यासाठी वापरला जातो.

दुर्मिळता निर्माण कशी होते, हेही कोणी विचारत नाही. १९५३ साली, म्हणजे पहिल्याच वर्षी, तीनशे कॉर्व्हेट तयार झाल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात नमुना दाखवला गेला आणि जूनअखेर फ्लिंटच्या कारखान्यात गाड्या जुळू लागल्या. फायबरग्लासचे आवरण त्या मापाने करण्याची सवय कोणालाच नव्हती. बरेचसे काम हाताने झाले आणि वर्ष संपेतो तीनशेच गाड्या बाहेर पडल्या. पुढच्या वर्षी जवळजवळ तीच गाडी सेंट लुइस येथे ३,६४० इतकी निघाली, आणि त्यांतल्या सुमारे अकराशे वर्षअखेरीस गिऱ्हाइकाविना उभ्या होत्या. सहा सिलिंडरांचे १५० अश्वशक्तीचे इंजिन आणि दोनच गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स असलेल्या गाडीला 'स्पोर्ट्स कार' म्हणायला त्या काळचे लोक तयार नव्हते. एकाच गाडीच्या एका वर्षाची दुर्मिळता आणि दुसऱ्या वर्षाची अडगळ, यांत गुणाचा फरक कोणता? पहिल्या वर्षी कारखान्याची तयारी नव्हती, एवढाच.

एल-८८ ची गोष्ट याहून मजेदार आहे. हे इंजिन शर्यतीसाठी बनवलेले होते, पण जनरल मोटर्सचे अधिकृत धोरण शर्यतींपासून दूर राहण्याचे होते. त्यामुळे ते यादीत ठेवायचे, पण साध्या गिऱ्हाइकाने मागू नये अशी व्यवस्था करायची, असा दुटप्पी प्रकार झाला. त्याची घोषित शक्ती ४३० अश्वशक्ती लिहिली. शेजारीच 'एल-७१' नावाचे ४३५ अश्वशक्तीचे इंजिन ४३७ डॉलर १० सेंट जादा मोजून मिळत होते. एल-८८ साठी ९४७ डॉलर ९० सेंट पडत. म्हणजे कागदावर पाच अश्वशक्ती कमी आणि दाम दुपटीहून अधिक. प्रत्यक्षात त्याची ताकद पाचशेच्या वर होती, पण ते यादीत लिहिलेले नव्हते. त्याच्याबरोबर हीटर मिळत नसे, रेडिओ मिळत नसे, आणि १०३ ऑक्टेनचे पेट्रोल लागे, जे कोपऱ्यावरच्या पंपावर सहजी मिळणारे नव्हते. अशी गाडी वीस जणांनी घेतली यात नवल नाही. वीस तरी कशा गेल्या हे नवल! विक्रेत्यानेच विकायची नाही असे ठरवलेल्या मालाचा तुटवडा साठ वर्षांनी गुण म्हणून मिरवला जातो आहे. एल-८८ चे यांत्रिक मोठेपण आम्ही नाकारत नाही. ते त्या इंजिनाच्या रचनेत आहे. ते दोन हजार गाड्यांत बसवले असते तरी तेवढेच राहिले असते.

आणि दुर्मिळतेचे टोक पाहायचे तर १९८३ ची कॉर्व्हेट पाहावी. त्या वर्षी नवी पिढी यायची होती. ४३ गाड्या चाचणीसाठी तयारही झाल्या, पण गुणवत्तेच्या अडचणींमुळे ते वर्षच वगळून गाडी १९८४ ची म्हणून विकायला काढली. त्या ४३ पैकी एक सोडून बाकीच्या नष्ट करण्यात आल्या. उरलेली एक केंटकी राज्यात बोलिंग ग्रीन येथील राष्ट्रीय कॉर्व्हेट संग्रहालयात आहे. याहून दुर्मिळ काय असणार? पण ती कधी विकलीच गेली नाही, म्हणून तिच्या नावावर लाखांचा आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून लिलावाच्या गप्पांत तिचे नावही फारसे निघत नाही. ही गाडी घडण्यातल्या फजितीचा पुरावा आहे. आमच्या मते तेच तिचे मूल्य आहे, आणि ते मोठे आहे.

या बाजारात एक शब्दप्रयोग फार बोकाळला आहे: 'एकमेव'. या रंगाची, या गिअरबॉक्सची, अमुक आरशांची आणि तमुक पट्ट्यांची ही एकमेव गाडी. आम्ही गणिताचे नव्हेत, पण एवढा हिशेब आम्हालाही जमतो. समजा, गिऱ्हाइकाला बारा गोष्टी घ्यायच्या की नाही हे ठरवता येत होते. त्याचेच ४,०९६ प्रकार होतात. त्यांना दहा रंगांनी गुणले की ४०,९६०. १९६७ साली एकंदर कॉर्व्हेटच २२,९४० तयार झाल्या होत्या. म्हणजे थोडी चिकाटी असेल तर जवळपास प्रत्येक गाडी कोणत्या ना कोणत्या अर्थाने एकमेव ठरवता येते. हव्या तेवढ्या बारीक चाळणीने चाळले तर शेवटी एकच दाणा उरणार, त्यात दाण्याचे कर्तृत्व काय? पीएच.डी.च्या प्रबंधांतही 'या दशकातील, या तालुक्यातील, या जातीच्या पहिल्या लेखिका' अशा पद्धतीने पहिलेपण सिद्ध करण्याची रीत आहे, त्याची आठवण होते. असो.

आता दुसऱ्या दैवताकडे वळू. ते म्हणजे 'मॅचिंग नंबर्स'. गाडीच्या सांगाड्यावरचा क्रमांक आणि इंजिनावर ठोकलेला क्रमांक जुळला की गाडी अस्सल; न जुळल्यास किंमत धाडकन खाली. हे क्रमांक कशासाठी होते? टोनावांडाच्या कारखान्यात तयार झालेल्या मोठ्या इंजिनावर तिथेच त्याची तारीख आणि प्रकाराची अक्षरे ठोकली जात. पुढे सेंट लुइसला ते ज्या गाडीत बसे, तिच्या क्रमांकाचा भाग त्याच चौथऱ्यावर ठोकला जाई. हेतू साधा, कारखान्याच्या सोयीचा आणि चोरीला आळा घालण्याचा. १९६७ च्या एल-८८ ची खूण 'आयटी' ही दोन अक्षरे. लोखंडात उमटवलेली दोन अक्षरे आज लाखो डॉलर्सची आहेत, आणि कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात अक्षरे ठोकण्याचे पंच मिळतात. मग व्हायचे तेच झाले. जुना चौथरा घासून नवे क्रमांक ठोकण्याची कला भरभराटीला आली. कारखान्यात ठोकळा तासताना चौथऱ्यावर बारीक समांतर ओरखडे उमटत. तपासनीस ते ओरखडे पाहू लागले, तेव्हा बनावट करणारे ओरखडेही पाडू लागले.

याला जोड मिळाली ती कागदाच्या अभावाची. फोर्डच्या १९६७ नंतरच्या गाड्यांची कारखान्यातली नोंद उपलब्ध आहे. पाँटियाकच्या जुन्या नोंदीही मिळतात. शेव्हरोलेटच्या त्या काळच्या कॉर्व्हेटची, कोणती गाडी कोणत्या इंजिनासह निघाली हे सांगणारी नोंद कंपनीकडे उरलेली नाही. गाडीचा अनुक्रमांक ती कूपे की कन्व्हर्टिबल हे सांगतो. इंजिनाविषयी त्या वर्षांत तो मुका आहे. राहता राहिला पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलेला जुळणीचा कागद, जो पन्नास वर्षे धूळ, उष्णता आणि उंदीर यांतून वाचलेला असला तर असला. पोथ्यांचे काम केलेल्यांना यात अपरिचित काहीच वाटणार नाही. पोथीच्या अखेरीस पुष्पिकेत लेखनाचा शक असतो, पण पुढचा नकलकार तो शकही इमानेइतबारे उतरवून काढतो. म्हणून केवळ पुष्पिकेवरून पोथीचे वय ठरवणारा अभ्यासक हास्यास्पद ठरतो. कागद, शाई, अक्षरवळण, पाठभेद, पोथी कोणाच्या घरी होती, हे सर्व पाहावे लागते. गाड्यांच्या बाजाराने पुष्पिकेलाच पोथी मानले आहे.

त्यात एक विसंगती अशी, की तिचे उत्तर आम्हाला आजवर कोणाकडून मिळालेले नाही. एल-८८ शर्यतीसाठी होते. शर्यतीत इंजिने फुटतात. १९६७ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरलेल्या एल-८८ कॉर्व्हेटचे इंजिनही अर्ध्या वाटेवर निकामी झाले होते. फुटले की दुसरे बसवायचे, हीच त्या गाड्यांची रीत. म्हणजे ज्या गाडीने आपले काम केले तिच्यात पहिले इंजिन शिल्लक असण्याची शक्यता कमी, आणि जी गॅरेजात झाकून ठेवली गेली तिच्यात जास्त. क्रमांक जुळण्याला सर्वोच्च मान देणारा बाजार न धावलेल्या गाडीला धावलेल्या गाडीच्या वर बसवतो, आणि तेही शर्यतीचा वारसा सांगत.

जीर्णोद्धाराविषयी बोलावे तेवढे थोडे. आपल्याकडे हेमाडपंती देवळाला ऑइलपेंट फासला की गावकरी त्याला जीर्णोद्धार म्हणतात. अमेरिकेतली पद्धत अधिक सोज्वळ आहे एवढेच. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी'चे काम मात्र मोठे आहे, हे आधी सांगितले पाहिजे. कोणत्या महिन्यात कोणता बोल्ट वापरला गेला इथपर्यंतचे ज्ञान या हौशी माणसांनी गोळा केले नसते तर ते कायमचे गेले असते. ते ४,५०० गुणांपैकी गाडीला गुण देतात, आणि गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी असावी, नव्याहून नवी नसावी, अशी त्यांची अट आहे. अट चांगली. पण तिचा परिणाम काय झाला? कारखान्यातल्या तपासनिसांनी सांगाड्यावर खडूने केलेल्या खुणा, घाईत उडालेले रंगाचे फवारे, सांध्यावरची ओबडधोबड रेघ, हे सारे आता पुन्हा मुद्दाम काढले जाते. एखाद्या मजुराने १९६६ च्या हिवाळ्यात पाळी संपताना ओढलेली खडूची रेघ आज एखादा कारागीर छायाचित्र समोर ठेवून ओढतो आणि तिला गुण मिळतात. खरी रेघ त्याने आदल्या महिन्यात घासून काढलेली असते.

स्प्लिट-विंडोचेच पाहा. १९६४ नंतर अनेक मालकांनी १९६३ च्या गाडीचा तो कणा कापून काढला आणि नवी एकसंध काच बसवली. त्यांना मागचे दिसायला हवे होते, आणि गाडी नवी दिसायला हवी होती. म्हणजे डंटॉव्ह यांचा आक्षेप गिऱ्हाइकांनी हातात करवत घेऊन मान्य केला! आज अशा गाड्या 'बिघडवलेल्या' समजल्या जातात आणि त्यांना पुन्हा कणा बसवला जातो. आमच्या दृष्टीने कापलेली गाडी समकालीन वाचकाने समासात केलेल्या शेऱ्यासारखी आहे. पोथीतला असा शेरा खरवडून काढणाऱ्याला आपण संशोधक म्हणणार नाही. सगळ्याच कापलेल्या गाड्या पूर्ववत झाल्या, तर मिचेल आणि डंटॉव्ह यांच्या वादात लोकांनी कोणाची बाजू घेतली याचा लोखंडी पुरावा उरणार नाही.

यावर व्यवहारी माणसाचे उत्तर ठरलेले आहे: 'घेणारा देतो आहे ना? मग तेच मूल्य.' हा पूर्वपक्ष आम्ही हलका मानत नाही, कारण यात निदान ढोंग नाही. एका दुपारी, एका मंडपात, दोन माणसांना एकच वस्तू हवी होती आणि त्यांपैकी एकाची थांबण्याची मर्यादा अडतीस लाखांच्या आसपास होती, एवढे ते वाक्य सांगते, आणि तेवढ्यापुरते ते खरे आहे. पण बाजार तिथे थांबत नाही. तो त्या आकड्याला मागे वळून कारण शोधतो, आणि सापडलेले कारण निकष म्हणून पुढच्या हजारो गाड्यांवर लादतो. मग साध्या गाडीचा मालकही आपल्या गाडीत 'एकमेव' काय ते शोधू लागतो आणि पन्नास वर्षांची खरी रंगाची कात काढून खोटी चढवतो. गाडी ज्याची आहे त्याने तिचे काही करावे, तो त्याचा हक्क. पण त्या कृत्याला 'इतिहासाचे जतन' म्हणू नये.

आमचा निकष विचाराल तर आम्ही १९५५ च्या गाडीकडे बोट दाखवू. त्या वर्षी सातशेच कॉर्व्हेट निघाल्या, कारण अडगळीतला माल अजून संपायचा होता, आणि फोर्डची नवी थंडरबर्ड त्याच वर्षी सोळा हजारांवर गेली होती. गाडी बंद करण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. पण त्या सातशेपैकी मोजक्या सोडून सर्वांत नवे व्ही-८ इंजिन होते, १९५ अश्वशक्तीचे. दिखाऊ गाडी त्या क्षणी स्पोर्ट्स कार झाली. पुढे लाखो कॉर्व्हेट निघाल्या त्या याच निर्णयामुळे. या गाडीविषयी बोलताना 'सातशे' हा आकडा पहिल्या वाक्यात येतो आणि इंजिन तिसऱ्या वाक्यात, हे आम्हाला खटकते. क्रम उलटा हवा. आधी गाडीत काय बदलले, मग तिच्यावर काय घडले आणि त्याचा कोणता पुरावा तिच्या अंगावर आहे, आणि शेवटी, वाटल्यास, किती झाल्या.

याच दृष्टीने बोलिंग ग्रीनच्या संग्रहालयाकडे पुन्हा पाहावे. १२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे, स्कॉट्सडेलच्या त्या लिलावाला महिनाही झालेला नसताना, संग्रहालयाच्या एका दालनाची जमीन खचली आणि आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या. तीन गाड्या दुरुस्त झाल्या. त्यांत १९९२ मध्ये निघालेली दहा लाखावी गाडी होती, जिच्या आतल्या भागांवर कारखान्यातल्या कामगारांनी सह्या केल्या होत्या. दुरुस्त करणाऱ्यांनी त्या सह्या वाचवण्यासाठी जिवाचे रान केले. उरलेल्या पाच चेपलेल्या, चिरडलेल्या अवस्थेत तशाच ठेवल्या आहेत. त्यांत १९९३ ची, चाळिसाव्या वाढदिवसाची एक माणिकरंगी गाडी आहे, हजारोंनी निघालेल्यांपैकी एक. तिचे फायबरग्लास फाटलेले आहे, सांगाडा वाकलेला आहे आणि खड्ड्यातली माती तिला अजून चिकटलेली आहे. चार हजार पाचशेपैकी तिला किती गुण द्यायचे, ते परीक्षकांनी सांगावे.